प्लॅस्टिकच्या फिल्ममधले स्फटिक कोण ठरवतं?

एक टन पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यात दोन किलो पांढरी भुकटी मिसळली, म्हणजे ०.२ टक्के, की त्या दाण्यापासून केलेला एरवी दुधट दिसणारा डबा बराच स्वच्छ होतो. आत लिंबाचं लोणचं आहे की मिरचीचं, हे झाकण न उघडता कळतं. तीच भुकटी तेवढ्याच प्रमाणात घालून ३० मायक्रॉनची फिल्म काढली तर पारदर्शकतेत सहसा काहीच फरक पडत नाही. कधीकधी तर फिल्म आधीपेक्षा किंचित धूसर होते. भुकटीचे पैसे मात्र दोन्हीकडे सारखेच गेलेले असतात.

दाणा तोच, भुकटी तीच, मग निकाल उलटा का? उत्तर आहे स्फटिकांमध्ये.

प्लॅस्टिक म्हटल्यावर स्फटिक डोळ्यांसमोर येत नाहीत, पण पॉलिप्रॉपिलीनचा जवळपास अर्धा भाग स्फटिकरूप असतो. त्याचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लांबलचक साखळी, आणि प्रत्येक दुव्याला मिथाइल नावाचा अणूंचा एक छोटा गट लोंबत असतो. हे गट वाटेल तसे उलटसुलट असतील तर साखळ्या एकमेकींजवळ नीट बसत नाहीत आणि हाती चिकट, रबरी माल येतो. १९५४ साली मिलानमध्ये ज्यूलिओ नात्ता यांनी हे सगळे गट एकाच बाजूला असलेली साखळी तयार केली, तेव्हा कुठे हे प्लॅस्टिक कामाचं झालं. (१९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि कार्ल त्सिग्लर यांना मिळून मिळालं.) अशी शिस्तीची साखळी आपोआप पीळ घेते. दर तीन दुव्यांनी एक वेढा पूर्ण होतो आणि त्या वेढ्याची उंची ०.६५ नॅनोमीटर भरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वितळलेला माल थंड होऊ लागला की या साखळ्या घड्या घालत पातळ पत्र्यांमध्ये रचल्या जातात. एका पत्र्याची जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर असते. असे पत्रे एका बिंदूपासून चहूबाजूंनी वाढत जातात आणि त्यांचा गोळा होतो. त्याला स्फेरुलाइट म्हणतात. पत्र्यांच्या अधेमधे न रचलेल्या, गुंतलेल्या साखळ्या उरतात, तो अस्फटिक भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. गोळे त्याहून मोठे झाले, आणि हळू थंड होताना ते सहज दहा-वीस मायक्रॉनांपर्यंत जातात, की त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो. दुधटपणा येतो तो यामुळे, रंगामुळे नाही.

गोळे किती मोठे होणार हे त्यांची सुरुवात किती ठिकाणी होते यावर ठरतं. लोणी कढवून तूप हळूहळू निवू दिलं तर मोजक्याच जागी रवा धरतो आणि तूप छान रवाळ होतं. तेच पातेलं गार पाण्यात ठेवलं तर एकाच वेळी असंख्य जागी रवा धरतो आणि कण जिभेला जाणवतही नाही. पॉलिप्रॉपिलीनचं गणित हेच आहे. फरक इतकाच की इथे भराभर थंड न करताही सुरुवातीच्या जागा वाढवता येतात, त्यांची भुकटी विकत मिळते. तिला न्यूक्लिएटर म्हणतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हे फार छान दिसतं. न्यूक्लिएटर नसलेल्या दाण्याचा एक बारीक तुकडा दोन काचांमध्ये धरून २०० अंशांना वितळवायचा, मग १३० अंशांवर आणून तिथेच धरून ठेवायचा. ध्रुवीकृत प्रकाशात सुरुवातीला सगळा काळोख असतो. थोड्या वेळाने इथे एक, तिथे एक असे ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका वाढत जातो आणि त्याच्या पोटात काळी फुली दिसू लागते. शेजारी एकमेकांना भिडले की मधली हद्द जवळपास सरळ रेषेत पडते. काही वेळाने सगळं क्षेत्र अशा फुल्यांच्या गोळ्यांनी भरून जातं. आता ०.२ टक्के न्यूक्लिएटर घातलेला तुकडा घेऊन हेच करा. एकेक ठिपका उगवताना दिसतच नाही. १३० ला पोचता पोचताच सगळं क्षेत्र एकदम उजळतं आणि एक बारीक, करडा पोत उरतो. गोळे आहेत, पण नजरेला सुटे करता येत नाहीत.

हे घडतं कसं? बाहेरच्या पदार्थाच्या पृष्ठभागावर अणूंच्या रांगा ठराविक अंतराने असतात. ते अंतर पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीतल्या अंतरांशी जुळलं तर साखळीला तिथे आयताच आधार मिळतो आणि पहिली घडी घालणं सोपं जातं. याला एपिटॅक्सी म्हणतात. शंखजिरे, सोडियम बेंझोएट, सेंद्रिय फॉस्फेटचे क्षार ही सगळी अशीच कामाला येतात. सॉर्बिटॉलपासून केलेल्या न्यूक्लिएटरांची तऱ्हा मात्र निराळी आणि जास्त रंजक. ते गरम पॉलिप्रॉपिलीनमध्ये चक्क विरघळतात. माल निवू लागला की पॉलिप्रॉपिलीनच्या आधी तेच गोठतात, आणि काही नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचं जाळं सगळीकडे पसरतं. त्या जाळ्याचा इंच न् इंच म्हणजे स्फटिकाला सुरुवातीची जागा. लोणच्याचा डबा स्वच्छ होतो तो या जाळ्यामुळे.

या भुकटीचे नखरे मशिनवर लगेच कळतात. तापमान कमी पडलं तर ती पूर्ण विरघळत नाही आणि मालात पांढरे ठिपके राहतात. तापमान फार चढवलं तर काही जातींचं विघटन होऊन बेंझाल्डिहाइड सुटतं, आणि मशिनभोवती कडू बदामाचा वास दरवळतो. प्रमाण दुप्पट केलं म्हणून परिणामही दुप्पट होत नाही. एका मर्यादेनंतर भुकटी स्वतःच प्रकाश विखुरायला लागते.

न्यूक्लिएटरमुळे आणखी एक गोष्ट बदलते, स्फटिक बनण्याचं तापमान. मिनिटाला १० अंश या वेगाने थंड केलं तर साधं पॉलिप्रॉपिलीन ११० ते ११५ अंशांच्या आसपास स्फटिक धरतं. चांगला न्यूक्लिएटर असेल तर हेच १२५ ते १३० अंशांना होतं. डबे काढणाऱ्याला याचा थेट फायदा. माल साच्यात लवकर घट्ट होतो, साचा लवकर उघडता येतो आणि तासाला जास्त नग निघतात. माझ्या मते पारदर्शकतेपेक्षा या फायद्यासाठीच ही भुकटी जास्त विकत घेतली जात असावी.

आता फिल्मकडे येऊ. कास्ट फिल्मच्या लाइनवर वितळलेला माल २३०-२५० अंशांना डायच्या अरुंद फटीतून खाली येतो आणि आतून थंड पाणी फिरणाऱ्या चकचकीत चिल रोलवर पडतो. एखाद्या जाडीतून उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ हा त्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ढोबळ हिशेब केला तर १ मिलिमीटर जाडीच्या डब्याच्या भिंतीला दहा सेकंद लागतात, आणि ३० मायक्रॉनच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग. हजार पटींचा फरक.

इतक्या वेगात साखळ्यांना नीट रचायला वेळच मिळत नाही. सेकंदाला साधारण १०० अंशांपेक्षा जास्त वेगाने थंड केलं तर पॉलिप्रॉपिलीनमध्ये नेहमीचा स्फटिक तयार न होता एक अर्धवट रचलेली अवस्था तयार होते. नात्तांच्या गटाने तिला स्मेक्टिक म्हटलं होतं, हल्ली मेसोफेज हे नाव जास्त चालतं. तिच्यात पीळ घेतलेल्या साखळ्या एकमेकींना समांतर असतात, पण शेजारच्या साखळीशी पक्की जागा ठरलेली नसते. गोळे नसतातच, फक्त दहा-वीस नॅनोमीटरच्या गाठी. त्या प्रकाशाला अडवायला फारच लहान पडतात. म्हणजे चिल रोलने पारदर्शकतेचं काम फुकटात उरकलेलं असतं आणि भुकटीला करण्यासारखं काही उरत नाही. उलट चांगला न्यूक्लिएटर असेल तर तो त्या वेगातही नेहमीचे स्फटिक धरायला भाग पाडतो. फिल्म थोडी ताठ होते आणि जोडीला थोडा धूसरपणा येऊ शकतो. सुरुवातीचं कोडं इथे सुटतं.

ही मेसोफेज कायमची नसते. ७०-८० अंशांच्या वर गेली की तिचं नेहमीच्या स्फटिकात रूपांतर होऊ लागतं. तयार भाजी-आमटीच्या रिटॉर्ट पाकिटात सर्वांत आतला थर बहुधा कास्ट पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ते पाकीट १२१ अंशांना निर्जंतुक होतं, तेव्हा त्या थराची आतली मांडणी बदलून जाते. पण गाठी फारशा मोठ्या होत नाहीत, म्हणून फिल्म एकदम पांढरी पडत नाही.

बिस्किटं, वेफर्स, फरसाण यांच्या पाकिटांची बीओपीपी फिल्म दोन्ही दिशांनी ताणलेली असते. तिच्यात हा खेळ आणखी वेगळा होतो. आपल्याकडे वाळूज आणि इगतपुरीला या फिल्मचे मोठे कारखाने आहेत. २० मायक्रॉनची फिल्म हवी असेल तर आधी सुमारे ९०० मायक्रॉनचा जाड पत्रा काढतात, मग तो लांबीत ५ पट आणि रुंदीत ९ पट ओढतात. जाड पत्रा सावकाश निवतो, त्यामुळे त्यात गोळे व्यवस्थित तयार होतात. पण ओढताना तेच गोळे मोडतात, त्यांच्यातले स्फटिकांचे पत्रे सुटतात आणि ओढीच्या दिशेने तंतू तयार होतात. स्वच्छपणा येतो तो या मोडतोडीतून. इथे जोरदार न्यूक्लिएटर घातला तर पत्रा घट्ट होतो, ओढायला जास्त जोर लागतो आणि चालू लाइनवर फिल्म फाटायची शक्यता वाढते. डब्यात गुणकारी ठरलेली भुकटी इथे डोकेदुखी होते.

आतापर्यंत ज्याला नेहमीचा स्फटिक म्हटलं त्याचं नाव अल्फा. पॉलिप्रॉपिलीनला दुसरीही एक मांडणी जमते, बीटा. कीथ, पॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५९ मध्ये दाखवून दिली. अल्फा १६० ते १६५ अंशांना वितळतो, बीटा १५० च्या आसपासच. बीटाची घनता कमी, घन सेंटिमीटरला ०.९२ ग्रॅमच्या जवळ, तर अल्फाची ०.९४ च्या जवळ. साध्या मालात बीटा क्वचित आणि थोडाच सापडतो. पण १९६७ मध्ये लॉयगेरिंग यांनी दाखवलं की क्विनाक्रिडोन नावाचं लाल रंगद्रव्य अगदी थोडं घातलं तरी बीटा मुबलक तयार होतो. रंगासाठी घातलेल्या पदार्थाने मांडणीच बदलली. बीटा धरणाऱ्या अशा बऱ्याच पदार्थांच्या पृष्ठभागावर दर ०.६५ नॅनोमीटरला एकसारखी पुनरावृत्ती दिसते, म्हणजे नेमकी साखळीच्या एका वेढ्याची उंची.

नुसती योग्य भुकटी असून मात्र भागत नाही. बीटा साधारण १०५ ते १४० अंश या पट्ट्यातच अल्फापेक्षा वेगाने वाढतो. चिल रोल बर्फासारखा गार असेल तर माल हा पट्टा क्षणात ओलांडून जातो आणि भुकटी असून नसल्यासारखी होते. बीटा हवा असेल तर रोल गरम ठेवावा लागतो.

पण कमी घनतेचा, लवकर वितळणारा स्फटिक हवा तरी कुणाला? पहिलं गिऱ्हाईक बॅटरीवाले. लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांच्या मधे सच्छिद्र पडदा लागतो, आयन जाऊ देणारा पण ध्रुवांना भिडू न देणारा. बीटाने भरलेला पत्रा ओढला की बीटाचं अल्फात रूपांतर होतं. तेवढाच माल कमी जागेत बसतो, आतले स्फटिकांचे पत्रे एकमेकांपासून सुटतात आणि मधे अतिसूक्ष्म पोकळ्या उघडतात. कुठलंही द्रावक न वापरता छिद्रं मिळतात. चीनमध्ये या पद्धतीने दोन्ही दिशांना ओढलेले पडदे बनतात.

दुसरं गिऱ्हाईक मला जास्त आवडतं, कारण ते भुकटीला दारातही उभं करत नाही. विजेच्या उपकेंद्रांत तेल भरलेले मोठे कपॅसिटर असतात, त्यांत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म गुंडाळलेली असते. ती गुळगुळीत असली तर थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मधे तेल शिरत नाही. म्हणून एक बाजू खरबरीत हवी. ती मिळवण्यासाठी पत्रा ९० अंशांच्या आसपासच्या गरम रोलवर काढतात, पृष्ठभागाजवळ बीटा धरू देतात आणि मग ओढतात. बीटाचा अल्फा होताना तिथे खड्ड्याखड्ड्यांची नक्षी उमटते. यात न्यूक्लिएटर का वापरत नाहीत? कारण कपॅसिटरच्या दाण्यात राखेचं, म्हणजे दाणा जाळल्यावर मागे उरणाऱ्या अवशेषांचं प्रमाण दशलक्षात काही दहा भाग इतकं कमी लागतं. परकी भुकटी आली की विजेचा दाब सहन करायची ताकद घटते. त्यामुळे डब्यात जे काम भुकटी करते, ते इथे नुसत्या तापमानावर भागवतात.

आता अशा ॲडिटिव्हकडे, म्हणजे दाण्यात मिसळायच्या पूरक पदार्थांकडे वळू ज्यांना स्फटिकांशी कागदोपत्री काही देणंघेणं नाही. फिल्मच्या दाण्यात ती नेहमीच चार-पाच प्रकारची असतात, आणि मला वाटतं लाइनवरची निम्मी गूढं यांच्यातूनच येतात.

फिल्म सरकती राहावी म्हणून एरुकामाइड घालतात. तो लहान रेणू आहे. वाढता स्फटिक त्याला आत घेत नाही, बाहेर ढकलतो. त्यामुळे सगळा एरुकामाइड अस्फटिक भागात जमा होतो आणि तिथून वाट काढत काढत पृष्ठभागावर येतो. याला तास लागतात, कधी दिवस. स्फटिकांचं प्रमाण वाढलं की वाट अरुंद आणि वळणाची होते. म्हणजे न्यूक्लिएटर बदलला किंवा चिल रोल पाच-दहा अंशांनी हलवला, तर दोन दिवसांनी तक्रार येते ती वेगळीच, फिल्म पॅकिंग मशिनवर अडकते अशी. तेव्हा एरुकामाइडचं प्रमाण तपासलं जातं, ते बरोबर निघतं, आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सिलिका किंवा शंखजिरे घालतात. सिलिका स्फटिकांच्या बाबतीत बऱ्यापैकी अलिप्त असते. शंखजिरे मात्र स्वतःच चांगला न्यूक्लिएटर आहे. पैसे वाचवायला एकाच्या जागी दुसरं घातलं, तर फक्त चिकटपणाचा बंदोबस्त बदलला असं धरून चालता येत नाही.

रंगांचंही तसंच. निळं आणि हिरवं थॅलोसायनिन पॉलिप्रॉपिलीनला आणि पॉलिथिलीनलाही जोरात न्यूक्लिएट करतं. एकाच साच्यातली निळी आणि पांढरी झाकणं वेगवेगळी आकसतात, ते यामुळे.

कॅल्शियम स्टिअरेट हा आणखी एक निरुपद्रवी दिसणारा पाहुणा. उत्प्रेरकाचे आम्लधर्मी अवशेष मारायला तो दाणा बनवतानाच घालतात. पण क्षार प्रकारच्या काही न्यूक्लिएटरांचा जोर तो कमी करतो. अशा वेळी त्याच्या जागी हायड्रोटाल्साइट वापरतात.

याच्या अगदी उलट वागणारं एक ॲडिटिव्ह आहे, हायड्रोजनीकृत हायड्रोकार्बन रेझिन. गोळी-चॉकलेटच्या वेष्टणाला दोन्ही टोकांना पीळ दिला की तो तसाच राहायला हवा. साध्या बीओपीपीचा पीळ उलगडतो, कारण तिचा अस्फटिक भाग खोलीच्या तापमानाला लवचीक असतो. हे रेझिन टक्क्याच्या अंशात न घालता चांगलं पाच-दहा टक्के घालतात. ते अस्फटिक भागात मिसळून त्याला ताठ करतं आणि स्फटिक धरण्याची गती थोडी मंदावतं. इथे स्फटिकांच्या सुरुवातीच्या जागा वाढवण्याचा हेतूच नसतो.

हे सगळं घडलं की नाही, हे तपासायची दोन साधनं नेहमी वापरात असतात. क्ष-किरण विवर्तनात अल्फाची शिखरं १४, १७ आणि १८.५ अंशांच्या जवळ येतात, बीटाचं ठळक शिखर १६ अंशांच्या जवळ (हे अंश कोनाचे, तापमानाचे नाहीत). मेसोफेज असेल तर टोकदार शिखरांऐवजी दोन रुंद उंचवटे दिसतात. दुसरं साधन डीएससी, नमुना ठराविक वेगाने तापवून-थंड करून उष्णतेची देवघेव मोजणारं. बीटा मोजताना यात एक फसगत होते. नमुना १०० अंशांच्या खाली थंड करून परत तापवला, तर बीटा वितळता वितळता अल्फात पुन्हा स्फटिक धरतो. आलेखात मग मुळात नव्हता इतका अल्फा दिसतो. बुडापेस्टच्या योझेफ वार्गा यांनी हा परिणाम उलगडून दाखवला. म्हणून बीटाचा खरा हिशेब हवा असेल तर नमुना १०० च्या खाली न नेताच तापवण्याचा फेरा घ्यावा लागतो.

रोजच्या कामात मात्र यापेक्षा साधी चाचणी उपयोगी पडते, विशेषतः पुनर्वापराच्या दाण्याची. न्यूक्लिएटर आणि रंगद्रव्यं एकदा मालात गेली की दुसऱ्यांदा वितळवल्यानेही बरीचशी शाबूत राहतात. डबे, झाकणं आणि जुनी फिल्म एकत्र दळून केलेल्या गोणीत कुणी कधी काय घातलं होतं याची नोंद कुठेच नसते. दहा मिलिग्रॅमचा तुकडा डीएससीत घालून मिनिटाला १० अंशांनी थंड करायचा. शिखर ११२ च्या आसपास आलं तर माल साध्या पॉलिप्रॉपिलीनसारखा वागेल. १२४ ला आलं तर त्यात आधीच न्यूक्लिएटर, शंखजिरे नाहीतर निळा रंग आहे असं धरायचं, आणि चिल रोल, ओढीचं तापमान आणि एरुकामाइडचं प्रमाण त्या हिशेबाने नव्याने लावायचं.